संगणकीय चित्रणातील अंतर्गृह-प्रदीपन

संगणकीय चित्रणातील अंतर्गृह-प्रदीपन : खोली, सभागृह, जिना, कार्यालय यांसारख्या बंदिस्त जागेत प्रकाशाचा प्रसार कसा होतो, याचे गणन करून त्या जागेचे वास्तवसदृश चित्र संगणकाद्वारे तयार करण्याचे तंत्र. प्रकाशकी, उष्णता अभियांत्रिकी, संभाव्यता सिद्धांत व चित्रकला या परस्परांपासून दूर असलेल्या विषयांचा या तंत्राच्या विकासाला हातभार लागला आहे. त्याचा इतिहास मुख्यतः १९६८ ते २०१८ या पन्नास वर्षांचा आहे. चित्रपट, वास्तुशिल्प, प्रदीपन अभियांत्रिकी, जाहिरात व संगणकीय खेळ या क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो.

प्रश्नाचे स्वरूप : उघड्या मैदानावरील वस्तू मुख्यत्वे थेट सूर्यप्रकाशाने व आकाशाच्या प्रकाशाने उजळते. घराच्या आतील स्थिती निराळी असते. जुन्या वाड्यातील माजघरात सूर्याचा किरण थेट पोहोचत नाही. तरीही दिवसा तेथील भांडी, फडताळ, कोनाडे स्पष्ट दिसतात. चौकात पडलेले ऊन फरशीवरून भिंतीवर, भिंतीवरून तक्तपोशीवर व तेथून आत असे परावर्तित होत जाते. खोलीतील प्रत्येक पृष्ठभाग अशा रीतीने इतर सर्व पृष्ठभागांना प्रकाश देतो व त्यांच्याकडून घेतोही.

या परस्पर-परावर्तनाचे प्रमाण सामान्य समजुतीपेक्षा पुष्कळच जास्त असते. पांढरी रंगविलेली भिंत तीवर पडणाऱ्या प्रकाशाचा सु. ८०% भाग परत फेकते. दोन परावर्तनांनंतर मूळ प्रकाशाचा ६४% व दहा परावर्तनांनंतरही सु. १०% भाग शिल्लक राहतो. सर्व बाजूंनी बंदिस्त आणि सर्वत्र ८०% परावर्तक असलेल्या जागेत पृष्ठभागांवर पडणाऱ्या एकूण प्रकाशापैकी चार-पंचमांश प्रकाश आधी कोठून तरी परावर्तित होऊन आलेला असतो. हीच जागा काळपट रंगाने रंगविली व परावर्तकता २०% वर आणली, तर तो हिस्सा एक-पंचमांशावर येतो. म्हणजे दिव्यापासून थेट येणाऱ्या प्रकाशाचेच गणन केले, तर पांढऱ्या खोलीतील बहुतांश प्रकाश हिशेबातून निसटतो व चित्र काळवंडलेले, कृत्रिम दिसते. हा निसटलेला प्रकाश हिशेबात कसा आणावा, हाच या तंत्रातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पूर्वपीठिका : प्रश्नाची जाणीव संगणकापेक्षा पुष्कळच जुनी आहे. लेओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) यांनी चित्रकलेवरील आपल्या टिपणांत छाया शेजारच्या पृष्ठभागाचा रंग घेते, असे नोंदवून ठेवले होते. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी, विशेषतः यान व्हरमेर (१६३२–७५) यांनी, एका बाजूच्या खिडकीतून येणारा प्रकाश पांढऱ्या भिंतीवर हळूहळू मंद होत जातो तो क्रम निरीक्षणाने पकडला. आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) यांच्या १५२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमितीविषयक ग्रंथातील एका काष्ठठशात भिंतीतील खुंटीपासून एका चौकटीतून ल्यूट या वाद्यापर्यंत ताणलेली दोरी दाखविली आहे. खुंटी म्हणजे डोळा व दोरी म्हणजे दृष्टिकिरण; दोरी चौकटीला जेथे छेदते तो चित्रातील बिंदू. साडेचार शतकांनंतर संगणकाने चित्रे काढताना नेमकी हीच रचना वापरली [→ यथादर्शन].

प्रकाशाच्या मोजमापाचा गणितीय पाया योहान हाइन्रिख लँबर्ट (१७२८–७७) यांनी १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या फोटोमेट्रिया या लॅटिन ग्रंथात घातला. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश आपाती कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम लँबर्ट यांच्या नावाने ओळखला जातो. चुन्याची भिंत किंवा कागद यांसारखा खडबडीत, निस्तेज पृष्ठभाग कोणत्याही दिशेने पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो. अशा आदर्श विसरित परावर्तकालाही लँबर्ट यांचेच नाव दिले जाते [→ प्रकाशमापन].

विसाव्या शतकात दोन व्यवसायांना परस्पर-परावर्तनाचा विचार करणे भाग पडले. भट्ट्यांचा अभिकल्प करणाऱ्या अभियंत्यांना तप्त पृष्ठभागांमधील प्रारणाची देवघेव मोजावी लागे. प्रदीपन अभियंत्यांना कार्यालयातील मेजावर किती प्रकाश पडेल, हे दिवे बसविण्यापूर्वीच सांगावे लागे. अमेरिकेतील पॅरी मून व डोमिना एबर्ल स्पेन्सर यांनी १९४० च्या दशकात खोलीतील परस्पर-परावर्तनाची समीकरणे सोडवून भिंतींची दीप्ती काढली. एवढेच नव्हे, तर मन्सेल रंगपद्धतीतील कागदाचे तुकडे कापून व चिकटवून त्या गणनानुसार खोलीचे चित्रही तयार केले. यांत संगणकाचा उपयोग नव्हता; तथापि गणितावरून काढलेले अंतर्गृहाचे चित्र या अर्थाने हे प्रयत्न आद्य म्हणता येतील.

आरंभीची तंत्रे : आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार केलेल्या ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीने संगणकाशी रेखाचित्रांद्वारे संवाद साधता येतो, हे दाखवून दिले. तेथे केवळ रेषा होत्या, छाया-प्रकाश नव्हता. आर्थर अ‍ॅपेल यांनी १९६८ मध्ये आयबीएम या कंपनीत घनाकृतींना छटा देण्याची पद्धत मांडली. तीत डोळ्यापासून निघालेला किरण वस्तूवर कोठे आदळतो ते शोधून, त्या बिंदूपासून दिव्याकडे दुसरा किरण सोडला जाई. वाटेत अडथळा आल्यास तो बिंदू छायेत आहे, असे ठरे.

पुढील कामाचे केंद्र अमेरिकेतील यूटा विद्यापीठ हे होते. तेथे आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये बहुभुजांच्या शिरोबिंदूंवरील छटांचे अंतर्वेशन करून वक्र पृष्ठभाग सलग दाखविण्याची युक्ती शोधली. मूळचे व्हिएटनामी असलेले बुई तुओंग फोंग (१९४२–७५) यांनी १९७३ मधील प्रबंधात चकाकीचे सूत्र दिले. एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये पृष्ठभागांवर चित्राकृती चढविण्याचे तंत्र आणि कोणती वस्तू पुढे व कोणती मागे हे खोलीच्या नोंदीवरून ठरविण्याची पद्धत मांडली. मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये घरातील चहाच्या किटलीवरून काढलेली भूमितीय प्रतिकृती पुढे सर्व जगभर चाचणीचा नमुना म्हणून वापरली गेली.

या काळातील सूत्रांत परस्पर-परावर्तनाचे गणन नव्हते. थेट प्रकाश पोहोचत नाही तो भाग अगदी काळा दिसू नये म्हणून सर्व पृष्ठभागांच्या छटेत एक ठरावीक संख्या मिळविली जाई. ‘परिसर प्रकाश’ असे तिचे नाव असले, तरी ती अंदाजाने घेतलेली स्थिर संख्या होती. कोपरा आणि खिडकीजवळची भिंत या दोहोंना ती सारखीच लागू होत असल्याने चित्रातील खोली सपाट भासत असे. अंतर्गृह-प्रदीपनाचा नंतरचा सर्व इतिहास या एका स्थिर संख्येच्या जागी खरे गणन आणण्याचा इतिहास आहे.

किरण-अनुरेखन : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने ‘रे ट्रेसिंग’ अथवा किरण-अनुरेखन ही पद्धत रूढ झाली. डोळ्यापासून चित्रातील प्रत्येक बिंदूतून एक किरण सोडावा. तो आरशासारख्या पृष्ठावर आदळल्यास परावर्तित किरण, काचेवर आदळल्यास प्रणमित किरणही सोडावा व त्यांचाही असाच मागोवा घ्यावा, अशी ही पुनरावर्ती पद्धत आहे. प्रकाश दिव्यापासून डोळ्याकडे जातो, तर येथे उलट्या दिशेने शोध घेतला जातो. कारण दिव्यापासून निघालेल्या असंख्य किरणांपैकी फारच थोडे डोळ्यापर्यंत पोहोचतात. चौकटीच्या फरशीवर तरंगणाऱ्या गोळ्यांचे व्हिटेड यांचे चित्र प्रसिद्ध आहे. ते काढण्यास त्या काळच्या व्हॅक्स-११/७८० या संगणकाला ७४ मिनिटे लागली. किरण व वस्तू यांचे छेदनबिंदू शोधण्यातच साध्या दृश्यात ७५% व गुंतागुंतीच्या दृश्यात ९५% पर्यंत वेळ जात असे.

रॉबर्ट कुक, टॉमस पोर्टर व लॉरेन कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये एकाऐवजी अनेक किरण थोड्या-थोड्या वेगळ्या दिशांनी सोडून मऊ कडांच्या छाया व धूसर प्रतिबिंबे मिळविली. मात्र आरसा व काच यांत कुशल ठरलेली ही पद्धत चुन्याच्या भिंतीपुढे अडत होती. निस्तेज भिंतीवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. त्या सर्व दिशांचा मागोवा घेतल्यास प्रत्येक परावर्तनागणिक किरणांची संख्या अनेक पटींनी वाढते.

रेडिओसिटी : निस्तेज भिंतींच्या प्रश्नाचे उत्तर उष्णता अभियांत्रिकीतून आले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग यांनी संगणकीय चित्रणाचा विभाग १९७४ मध्ये स्थापन केला होता. तेथील सिंडी गोरल, यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक केनेथ टॉरन्स (१९४०–२०१०), ग्रीनबर्ग व बेनेट बॅटेल यांनी १९८४ मध्ये ‘रेडिओसिटी’ पद्धत मांडली. तीत खोलीचे पृष्ठभाग लहान तुकड्यांत विभागतात. प्रत्येक तुकड्याकडून बाहेर पडणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश अधिक इतर सर्व तुकड्यांकडून येऊन परावर्तित झालेला प्रकाश, असे समीकरण प्रत्येक तुकड्यासाठी मिळते. एका तुकड्याकडून निघालेल्या प्रकाशाचा कितवा भाग दुसऱ्यावर पोहोचतो, हे दोहोंच्या आकारावर, अंतरावर व परस्परांकडील कलावर अवलंबून असते. हे प्रमाण आकारगुणकाने दर्शवितात. एक हजार तुकडे घेतल्यास एक हजार एकघाती समीकरणे व दहा लक्ष आकारगुणक येतात. जपानमध्ये तोमोयुकी निशिता व एइहाचिरो नाकामाए यांनी १९८५ मध्ये परस्पर-परावर्तनाचे असेच काम स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

कॉर्नेल येथील चाचणीची जागा म्हणजे एक लहान, साधा खोका होता. १९८४ मधील या खोक्याची एक बाजू तांबडी, दुसरी निळी व उरलेला भाग पांढरा होता. गणनाने काढलेल्या चित्रात पांढऱ्या पृष्ठावर तांबड्या व निळ्या रंगाची झाक उमटली. लेओनार्दो यांनी नोंदविलेला परिणाम कोणीही मुद्दाम न रंगविता समीकरणांतून आपोआप बाहेर पडला. खोका रिकामा ठेवण्याचे कारण असे, की मधल्या वस्तूमुळे होणारी अडवणूक त्या वेळच्या पद्धतीला हिशेबात घेता येत नव्हती. ती उणीव मायकेल कोएन व ग्रीनबर्ग यांनी १९८५ मध्ये दूर केली. पुढे तांबड्या व हिरव्या भिंतींचा आणि आत दोन ठोकळे असलेला ‘कॉर्नेल बॉक्स’ प्रमाण नमुना म्हणून सर्वत्र रूढ झाला.

रेडिओसिटीत एकदा केलेले गणन कोणत्याही दृष्टिस्थानासाठी उपयोगी पडते. त्यामुळे न बांधलेल्या इमारतीत ‘फिरून’ पाहणे शक्य झाले. चकाकणारे पृष्ठभाग व काच मात्र या पद्धतीत सहज सामावत नव्हती.

चित्र आणि वस्तू यांची तुलना : चित्र खऱ्यासारखे दिसते एवढ्यावर कॉर्नेल येथील संशोधक थांबले नाहीत. गॅरी मायर, हॉली रशमायर, कोएन, ग्रीनबर्ग व टॉरन्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष बांधलेल्या खोक्यातील प्रकाश उपकरणाने मोजून गणनाशी ताडून पाहिला. त्यानंतर निरीक्षकांना दोन कॅमेऱ्यांच्या मागील काचेतून दोन प्रतिमा दाखविल्या. एक खऱ्या खोक्याची व दुसरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील गणित चित्राची. खरी कोणती, हे ओळखण्यात त्यांना नाणेफेकीहून अधिक यश आले नाही.

या प्रयोगाने दोन निराळ्या कसोट्या स्पष्ट केल्या. मोजलेल्या राशी गणनाशी जुळणे ही एक, व पाहणाऱ्याला फरक न कळणे ही दुसरी. चित्रपटाला दुसरी कसोटी पुरते. शाळेच्या वर्गात फळ्यावर किती प्रकाश पडेल हे ठरविणाऱ्याला पहिलीच लागते. पुढील काळात बहुतेक प्रगती पहिल्या कसोटीच्या आधारे झाली, परंतु तिचा व्यापारी उपयोग मुख्यत्वे दुसरीसाठी झाला.

प्रकाश-वहनाचे समीकरण : कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये तोवरच्या सर्व पद्धती एकाच समाकल समीकरणाची निरनिराळी सन्निकटने आहेत, असे दाखविले. एखाद्या बिंदूकडून विशिष्ट दिशेने जाणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश अधिक सर्व दिशांनी येऊन त्या दिशेला परावर्तित झालेला प्रकाश, हा त्या समीकरणाचा आशय. अज्ञात राशी समीकरणाच्या दोन्ही बाजूंस असल्याने ते सरळ सुटत नाही. त्याच वर्षी डेव्हिड इमेल, कोएन व ग्रीनबर्ग यांनीही त्याच स्वरूपाचे समीकरण मांडले. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर (१९१०–९५) यांनी ताऱ्यांच्या वातावरणासंबंधी केलेल्या कामातून रॅडिएटिव्ह ट्रान्स्फर (१९५०) या ग्रंथात व्यवस्थित मांडलेला प्रारण-संक्रमणाचा सिद्धांत याच कुळातील असून धूर, धुके व ढग यांच्या चित्रणात त्याचा आधार घेतला जातो.

समीकरण सोडविण्यासाठी काजिया यांनी माँटे कार्लो पद्धत योजिली. स्टॅनिस्लाव्ह ऊलाम, जॉन फोन नॉयमान व निकोलस मेट्रोपोलिस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत लॉस अ‍ॅलॅमॉस येथे न्यूट्रॉनांच्या प्रवासाचे गणन करण्यासाठी ती विकसित केली होती. प्रत्येक परावर्तनाच्या वेळी सर्व दिशांचा विचार न करता यदृच्छेने एकच दिशा निवडावयाची व असे अनेक मार्ग अनुसरून त्यांची सरासरी घ्यावयाची, ही ‘पाथ ट्रेसिंग’ पद्धत होय. ती काच, आरसा व चुन्याची भिंत या सर्वांना सारखीच लागू पडते. तिचा दोष म्हणजे चित्रात राहणारा कणीदारपणा. तो मार्गांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. तो निम्मा करावयाचा तर चौपट आणि दशांश करावयाचा तर शंभरपट मार्ग अनुसरावे लागतात. त्यामुळे ही पद्धत तत्त्वतः मान्य होऊनही दोन दशके व्यवहारात महाग राहिली.

अवघड खोल्या : मार्गांची संख्या न वाढविता अचूकता कशी वाढवावी, यावर १९८८ ते १९९७ या काळात महत्त्वाचे संशोधन झाले. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ग्रेगरी वॉर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये एक साधे निरीक्षण उपयोगात आणले : निस्तेज भिंतीवरील अप्रत्यक्ष प्रकाश सावकाश बदलतो, म्हणून तो थोड्याच बिंदूंवर काळजीपूर्वक काढून मधल्या जागी अंतर्वेशन करता येते. याच तत्त्वावरील वॉर्ड यांची ‘रेडिअन्स’ ही आज्ञावली इमारतींतील दिवसाच्या प्रकाशाच्या अभ्यासाचे प्रमाण साधन बनली. इंग्लंडमध्ये १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्यक्ष आकाशाखाली खोलीत मोजलेल्या प्रकाशाशी तिचे निष्कर्ष ताडून पाहण्यात आले व ते चांगले जुळले.

एरिक व्हीच व लीओनिदास गिबास यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात डोळा व दिवा या दोन्ही टोकांपासून मार्ग काढून ते मध्ये जोडण्याची पद्धत विकसित केली; बेल्जियममध्ये एरिक लाफॉर्तून व इव्ह व्हिलेम्स यांनी ती १९९३ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. व्हीच व गिबास यांच्या १९९७ मधील निबंधातील एक दृश्य विशेष प्रसिद्ध आहे. खोलीत दिवा नाही. शेजारच्या खोलीतील प्रकाश किंचित उघड्या दारातून आत येतो. यदृच्छेने निवडलेले बहुतेक मार्ग त्या फटीतून जातच नाहीत व वाया जातात. म्हणून फटीतून जाणारा एक मार्ग सापडला, की त्यात अल्प फेरफार करून त्याच्या जवळपासचे मार्ग शोधावयाचे, अशी योजना त्यांनी केली. माजघराच्या प्रश्नाचेच हे कठीण रूप होय. डेन्मार्कचे हेन्रिक व्हान येन्सन यांनी १९९६ च्या सुमारास मांडलेल्या ‘फोटॉन मॅपिंग’ पद्धतीत दिव्यापासून निघालेली प्रकाशाची पुडकी पृष्ठभागांवर कोठे पडली, याची नोंद ठेवतात. पेल्यातील पाण्यातून मेजावर पडणारे उजळ कवडसे त्यामुळे दाखविता आले.

गणन अचूक झाले तरी ते दाखविण्याची अडचण उरते. उन्हात न्हालेली खिडकी व खोलीचा अंधारा कोपरा यांच्या दीप्तींत हजारो पटींचे अंतर असू शकते. कागद व पडदा यांची क्षमता त्याहून पुष्कळच कमी असते. जॅक टंब्लिन व रशमायर यांनी १९९३ मध्ये हा प्रश्न दृष्टीच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे मांडला. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये खऱ्या जागेतील प्रकाश विस्तृत पल्ल्याच्या छायाचित्रांद्वारे टिपून त्याने काल्पनिक वस्तू उजळण्याचे तंत्र दिले.

चित्रपट व खेळ : टॉय स्टोरी (१९९५) हा संपूर्णपणे संगणकावर निर्मिलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात अप्रत्यक्ष प्रकाशाचे गणन नव्हते. भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश कलावंत जागोजागी छुपे दिवे ठेवून सुचवीत. रंगभूमीवरील प्रकाशयोजनाकाराचेच हे कौशल्य होते. श्रेक २ (२००४) मध्ये परस्पर-परावर्तनाचा मर्यादित उपयोग झाला. मॉन्स्टर हाउस (२००६) या चित्रपटासाठी मार्कोस फाहार्दो यांनी आरंभिलेली ‘अर्नोल्ड’ ही पाथ ट्रेसिंगवर आधारलेली आज्ञावली वापरण्यात आली. पुढील दशकात मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी (२०१३) व बिग हीरो ६ (२०१४) या चित्रपटांबरोबर मोठ्या चित्रगृहांनी हाच मार्ग स्वीकारला. संगणकाचा वेळ स्वस्त झाला व कलावंताचा वेळ महाग राहिला, हे या बदलाचे प्रमुख कारण होय. शेकडो छुपे दिवे हाताने मांडण्यापेक्षा खऱ्या जागी दिवा ठेवून उरलेले काम समीकरणावर सोपविणे परवडू लागले.

संगणकीय खेळांना एका सेकंदात अनेक चित्रे लागतात. क्वेक (१९९६) या खेळात भिंतींवरील छाया-प्रकाश आधीच काढून साठविलेला असे. क्वेक २ (१९९७) मध्ये त्यासाठी रेडिओसिटीचा वापर झाला. खेळात दार हलले तरी साठविलेला प्रकाश हलत नसे. किरणांचे छेदनबिंदू शोधण्यासाठी स्वतंत्र मंडले असलेले एनव्हिडिया या कंपनीचे चित्रण-संस्कारक २०१८ मध्ये बाजारात आले आणि २०१९ मध्ये क्वेक २ मधील त्याच खोल्या तत्क्षणी पाथ ट्रेसिंगने उजळून दाखविण्यात आल्या. प्रत्येक बिंदूमागे मोजकेच मार्ग अनुसरून उरलेला कणीदारपणा यंत्र-अध्ययनाने पुसण्याची तंत्रे २०१७ पासून पुढे आल्याने हे शक्य झाले.

उपयोग व जबाबदारी : वास्तुशिल्पज्ञाला इमारत उभी राहण्यापूर्वीच खिडकीची उंची, छज्जाची लांबी, भिंतीचा रंग यांचे परिणाम पाहता येतात. चुकीची खिडकी कागदावर दुरुस्त करण्यास फारसा खर्च येत नाही. बांधल्यावर मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या राहते. स्वीडनमधील आयकेआ या फर्निचर कंपनीने २००६ मध्ये एका खुर्चीचे संगणकनिर्मित चित्र आपल्या सूचिपत्रात छापले व पुढील दशकात छायाचित्रांऐवजी अशा चित्रांवर मोठ्या प्रमाणावर भर दिला. ‘ब्लेंडर’ या मुक्त आज्ञावलीत २०११ मध्ये पाथ ट्रेसिंगची सोय झाल्यावर हे तंत्र विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले.

चित्र व छायाचित्र यांतील फरक दिसेनासा झाल्याने जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. न बांधलेल्या सदनिकेचे चित्र हे तिच्या विक्रीचे प्रमुख साधन झाले आहे. चित्रातील सूर्य कोणत्या दिशेने येतो, समोरची इमारत दाखविली आहे की वगळली आहे, खोलीत न दिसणारे जादा दिवे ठेवले आहेत काय, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आयुष्यभराची बचत घालून घर घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही केवळ सौंदर्याची बाब नसते. भारतात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ अन्वये जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून आगाऊ रक्कम देणाऱ्यास त्यांतील खोट्या विधानामुळे हानी झाल्यास प्रवर्तकाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात या अधिनियमाची अंमलबजावणी करणारे प्राधिकरण २०१७ पासून कार्य करीत आहे.

यंत्र-अध्ययनाने पुसलेला कणीदारपणा डोळ्याला पटतो. पण तेथील छटा मोजलेली नसून अनुमानित असते. २०२२ पासून सर्वत्र उपलब्ध झालेल्या जनक आज्ञावली तर कोणतेही प्रकाश-गणन न करता केवळ शब्दवर्णनावरून खोलीचे चित्र तयार करतात. अशा चित्रातील दिवा खरोखरीच त्या भिंतीला तेवढा उजळील काय, या प्रश्नाला उत्तर नसते; कारण त्यात ना मापे असतात ना समीकरण. कॉर्नेल येथील साध्या खोक्याचे महत्त्व म्हणूनच टिकून आहे. तेथे चित्रापूर्वी मोजमाप होते, चित्राशेजारी वस्तू ठेवलेली होती, आणि दोहोंतील अंतर किती हे सांगण्याची जबाबदारी चित्र काढणाऱ्याने स्वीकारली होती.